फादर स्टीफन्स यांच्या चरित्राचीं साधनें

कोणा थोर पुरुषाचें चरित्र आपण हातीं घेतों, तेव्हां त्यांतील गोष्टी मन लावून वाचतों. परंतु त्या गोष्टी लेखकास कोठून कळल्या, हें सहसा विचारीत नाहीं. व्यवहारांत मात्र आपण इतके भोळे नसतों. पिशोरास एखाद्या शेताच्या बांधाविषयीं तंटा पडला, तर पंच गांवांतील म्हाताऱ्यांस विचारतात, तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा आणवितात, कन्नडच्या कचेरींतील जुना नकाशा पाहतात, आणि ज्याचा त्या बांधांत लाभ गुंतला आहे त्याचें बोलणें थोडें हातचें राखून ऐकतात. म्हाताऱ्याची आठवण व कागद यांचा मेळ बसला नाहीं, तर दोहोंसही पुनः तपासतात. हातभर जमिनीसाठीं जी सावधगिरी, ती एका मनुष्याच्या सबंध आयुष्याविषयीं बोलतांना कां नसावी?

ही रीत कांहीं परकी नव्हे. लूकानें आपलें शुभवर्तमान लिहावयास घेतलें तेव्हां, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा आपण मुळापासून शोध केला आहे, असें त्यानें आरंभींच थियफिलास कळविलें. आणि मराठींतील पहिला मोठा गद्य चरित्रग्रंथ, म्हाइंभटांचें लीळाचरित्र, हाही तेराव्या शतकाच्या अखेरीस याच रीतीनें तयार झाला. चक्रधरस्वामींच्या सहवासांत राहिलेल्या एकेकास गांठून, विचारून, म्हाइंभटांनीं आठवणी गोळा केल्या. आणि एकाची आठवण दुसऱ्याहून निराळी पडली, तर तेंही नोंदलें. चक्रधर पैठणास व वेरुळास राहिले होते. म्हणजे ही गोष्ट आपल्याच जिल्ह्याच्या वाटांवर घडलेली आहे.

आज आम्ही ज्यांच्या चरित्राचीं साधनें तपासणार आहों, ते आमच्या पंथाचे नव्हेत. फादर थॉमस स्टीफन्स हे रोमन कॅथॉलिक, येशूसंघाचे म्हणजे जेसुइट पाद्री. त्यांनीं कोणता नवा संघ किंवा मठ स्थापिला नाहीं. परंतु मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया त्यांनीं घातला. गोव्यांतील साष्टी प्रांतांत ते विद्यालयाचे प्रमुख होते. मुलांसाठीं प्रश्नोत्तरांचें पुस्तक व भाषा शिकणाऱ्यांसाठीं व्याकरण त्यांनीं रचलें. आणि क्रिस्तपुराण हा सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ लिहिला. शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळांस त्यांच्या मराठीची थोरवी गाणाऱ्या चार ओव्या ठाऊक असतात, आणि तेवढ्यावरच त्यांची ओळख संपते. हें बरें नाहीं. त्या चार ओव्यांमागें चाळीस वर्षांचें गोव्यांतील आयुष्य आहे, आणि त्या आयुष्याविषयीं साक्ष देणारे कागद थोडे असले तरी बोलके आहेत.

पहिला कागद त्यांच्या स्वतःच्या हातचा. सन १५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस ते लिस्बन बंदरांतून निघाले आणि आक्टोबरच्या २४ तारखेस गोव्यास पोंचले. पुढें नोव्हेंबरच्या १० तारखेस त्यांनीं लंडनमध्यें व्यापार करणाऱ्या आपल्या वडिलांस पत्र लिहिलें. त्यांत वाटेवरील वारे, पक्षी, मासे यांची हकीकत आहे. फार दिवस ताजें अन्न न मिळाल्यामुळें खलाशांच्या हिरड्या सुजून वाढत व त्या कापून टाकाव्या लागत, पाय सुजत, हेंही आहे. दीडशेंवर माणसें आजारी पडलीं व सत्तावीस मेलीं, आणि एवढी हानि जहाजावर कोणी फारशी मानली नाहीं, असें ते लिहितात. मुलानें बापास लिहिलेलें पत्र म्हणून यावर आपण विश्वास ठेवतों, आणि तो योग्यच आहे. परंतु हें पत्र आपल्यापर्यंत कोणी पोंचविलें? रिचर्ड हाक्लूट नांवाच्या इंग्लिश धर्मोपदेशकानें, सन १५८९ मध्यें छापलेल्या समुद्रप्रवासांच्या संग्रहांत. त्या वेळीं इंग्लंडांत जेसुइट म्हटला कीं राजद्रोही, असा सन १५८५ पासून कायदाच होता. एडमंड कॅम्पियन या जेसुइटास तर सन १५८१ मध्येंच फांशीं दिलें होतें. असें असतां एका प्रॉटेस्टंट पाळकानें एका जेसुइटाचें पत्र जपून छापलें. हाक्लूटास गोव्याचा समुद्रमार्ग आपल्या देशबांधवांस दाखवावयाचा होता. म्हणून या पत्रावरून आपणांस समुद्र फार दिसतो आणि पत्र लिहिणाराचें अंतःकरण थोडें दिसतें. साधन कोणी व कशासाठीं राखलें, यावर त्यांत काय सांपडेल हें अवलंबून असतें.

दुसरें पत्र सन १५८३ चें, आक्टोबरच्या २४ तारखेचें, म्हणजे गोव्यास येऊन बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशींचें. हें त्यांनीं आपला भाऊ रिचर्ड याला लॅटिन भाषेंत लिहिलें, आणि त्याची प्रत ब्रसेल्स येथें राखलेली आहे. येथील भाषा अनेक आहेत, त्यांचा उच्चार कानास कडू नाहीं, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे, असें निरीक्षण त्यांत आहे. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीं आपलें प्रसिद्ध मत मांडलें तें सन १७८६ मध्यें. त्याच्या दोनशें वर्षें आधीं साष्टीच्या एका पाद्र्यानें भावाच्या पत्रांत ही गोष्ट सहज लिहून टाकली होती.

पण त्या पत्राचा मोठा भाग निराळ्याच विषयाचा आहे, आणि येथें वाचकांनीं थांबावें अशी आमची विनंति आहे. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत साष्टींतील कुंकळ्ळी गांवीं रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पांच जेसुइट मारले गेले. हे आक्वाविवा म्हणजे अकबर बादशहाच्या दरबारीं राहून आलेले पाद्री. स्टीफन्स यांनीं आपल्या सोबत्यांच्या मृत्यूची हकीकत शोकानें लिहिली आहे आणि त्यांस हुतात्मे मानलें आहे. सोबत्यानें सोबत्यासाठीं दुःख करावें यांत नवल नाहीं. परंतु कुंकळ्ळीच्या लोकांकडून त्या वेळचें एकही पत्र आपणांकडे आलेलें नाहीं. पोर्तुगीज सत्तेनें साष्टींतील देवळें सन १५६७ च्या सुमारास पाडलीं होतीं; कुंकळ्ळी व आसपासच्या गांवांनीं कर देण्याचें नाकारलें होतें, आणि त्यांवर लष्करी मोहिमा झाल्या होत्या. पाद्री मारले गेल्यावर गांवच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलणीं करण्याच्या निमित्तानें बोलावून ठार करण्यांत आलें. या गोष्टी पोर्तुगीजांच्याच कागदांतून व मागील लेखकांच्या इतिहासांतून जुळवाव्या लागतात. ज्याच्या हातीं लेखणी असते त्याची साक्ष टिकते. म्हणून एकाच बाजूचा कागद हातीं असतां दुसऱ्या बाजूस कांहींच म्हणावयाचें नव्हतें, असें समजूं नये. स्टीफन्स यांच्यावर प्रेम करणाऱ्या वाचकानेंही हें लक्षांत ठेविलें पाहिजे. किंबहुना त्यानेंच अधिक.

याच वर्षाच्या अखेरीस एक अशी गोष्ट घडली कीं तिच्याविषयीं तीन निरनिराळे साक्षीदार मिळतात. जॉन न्यूबरी, राल्फ फिच व त्यांचे सोबती हे इंग्लिश व्यापारी होर्मुझ येथें पकडले जाऊन कैदी म्हणून गोव्यास आणले गेले. फादर स्टीफन्स व ब्रूजचे फादर मार्को यांच्या खटपटीनें त्यांस जामीन मिळून ते सुटले. न्यूबरीनें सन १५८४ च्या जानेवारीच्या २० तारखेस गोव्याहून पत्र लिहून या दोघांचे उपकार मानले. फिचनेंही पुढें आपल्या प्रवासवर्णनांत ही गोष्ट सांगितली. पण त्या वेळीं गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरीं लिन्स्खोतन नांवाचा एक डच मनुष्य होता. त्यानेंही हाच प्रसंग लिहिला आहे, आणि त्यास जेसुइटांच्या हेतूविषयीं संशय होता. या परक्यांपाशीं पैसा बराच असावा, आणि हे आपल्या संघांत आले तर बरें, असा त्यांचा डोळा होता, असें तो सुचवितो. त्यांतील एक चित्रकार खरोखरीच कांहीं दिवस जेसुइटांकडे राहिला होता. त्यांस आपल्या मंदिरासाठीं चित्रें काढणारा हवा होता.

आतां कोणाचें खरें मानावें? आम्हांस असें वाटतें कीं येथें दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या पाहिजेत. स्टीफन्स यांनीं कैद्यांस साहाय्य केलें, ही घडलेली गोष्ट. तिजवर तिघेही एकमत आहेत. त्यांच्या मनांत काय होतें, हें लिन्स्खोतनचें अनुमान. आणि न्यूबरीचें त्यांस सज्जन म्हणणें हेंही एका अर्थीं अनुमानच, कारण सुटलेला कैदी सोडविणाऱ्याचें चांगलेंच बोलणार. पुढें सन १६०८ च्या सुमारास पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी गोव्यांत कैद झाला. तो मालदीव बेटांत जहाज फुटून अडकलेला, दैवाचा मारलेला मनुष्य. त्याच्यापाशीं ना पैसा, ना कांहीं कसब. त्यानेंही आपल्या सुटकेसाठीं खटपट करणाऱ्या पाद्र्यांत या इंग्लिश जेसुइटाचें नांव घेतलें आहे. पंचवीस वर्षांच्या अंतरानें, एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांनीं एकच गोष्ट सांगितली, म्हणजे तिचें वजन वाढतें.

त्यांच्या जन्मगांवाविषयींचा घोटाळा तर अभ्यासवर्गांत मुद्दाम मांडण्याजोगा आहे. प्रश्नोत्तरांच्या त्यांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते लंडनचे रहिवासी असें छापलेलें आहे. हें पुस्तक सन १६२२ मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं छापलें. उलट न्यूबरी म्हणतो कीं त्यांचा जन्म विल्टशायर परगण्यांतला. जेसुइटांच्या जुन्या ग्रंथांत त्यांचें नांव कोठें स्टीफन्स, कोठें एस्तेव्हांव, तर कोठें बुस्टन असें येतें. आणि या तिसऱ्या नांवामुळें मागील लेखक बरेच दिवस गोंधळून गेले होते. विल्टशायरमध्यें बुश्टन नांवाचें एक खेडें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कोडें सुटतें. न्यूबरी त्यांच्याशीं त्यांच्या मातृभाषेंत समोरासमोर बोलला होता. त्यास परगणा कळला. गोव्यांतल्या छापणाऱ्यास इंग्लंडांतील एकच गांव ठाऊक असणार, आणि बापाचा व्यापारही तेथेंच होता. मुंबईच्या चाळींत पिशोरच्या मनुष्यास कोणी गांव विचारलें, तर तोही संभाजीनगर सांगून मोकळा होतो. त्यांत तो खोटें बोलत नाहीं.

येशूसंघाची एक शिस्त इतिहास लिहिणाऱ्यास फार उपयोगी पडली आहे. प्रत्येक प्रांतांतून ठराविक वर्षांनीं रोमास याद्या जात. त्यांत एकेका सभासदाचें वय, प्रकृति, शिक्षण, संघांत येऊन झालेलीं वर्षें व केलेलीं कामें लिहिलेलीं असत. स्टीफन्स सन १५७५ च्या आक्टोबरच्या २० तारखेस रोम येथें संघांत उमेदवार म्हणून घेतले गेले, त्यांचा जन्म सन १५४९ च्या सुमाराचा, हें आपण सांगूं शकतों तें अशा नोंदींच्या आधारावर. जर्मन जेसुइट गेओर्ग शूरहामर यांनीं या कागदांचा कसून शोध करून सन १९५७ मध्यें स्टीफन्स यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला, त्यानंतर पुष्कळ जुन्या दंतकथा गळून पडल्या. यादींत भावना नसते, म्हणून ती नीरस वाटते. पण तिला कोणाची स्तुति करावयाची नसते, हाच तिचा गुण.

मात्र त्याच दप्तरांत सन १६०८ चें एक पत्र आहे, तें मुळींच नीरस नाहीं. साठीच्या घरांत आलेले स्टीफन्स यांनीं रोमास आपल्या संघाच्या मुख्यांस लिहिलें कीं, या देशाच्या भाषेंत व याच देशाच्या लिपींत कांहीं पुस्तकें छापलेलीं पाहावीं, अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. मलबारांत तसें झालें आहे व त्याचा तेथील ख्रिस्ती लोकांस मोठा लाभ झाला आहे. अडचणही त्यांनीं सांगितली. युरोपांत चोवीस अक्षरांचे सांचे केले म्हणजे काम भागतें. येथें जोडाक्षरें व काना-मात्रा धरून सहाशें सांचे पाडावे लागतील. ही इच्छा त्यांच्या हयातींत पुरी झाली नाहीं. क्रिस्तपुराण सन १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें, तें रोमन अक्षरांत. ज्या मनुष्यानें मराठीची एवढी थोरवी गाइली, त्याचें मराठी पुस्तक परक्या लिपींत निघालें. आणि तें कां, हें आपणांस त्याच्याच पत्रावरून कळतें.

आतां त्यांच्या ग्रंथांकडे वळूं, कारण ग्रंथ हेंही एक साधनच आहे. क्रिस्तपुराणाच्या आरंभीं असा प्रसंग आहे कीं, पाद्री धर्माचें शिक्षण देत असतां एक ब्राह्मण येऊन म्हणतो: आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरीं कां देत नाहीं? हा प्रसंग शब्दशः घडला असेल किंवा काव्यासाठीं रचला असेल; परंतु त्यावरून दोन गोष्टी निश्चित कळतात. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांपासून त्यांचे जुने ग्रंथ काढून घेण्यांत आले होते. आणि ऐकावयास ओवी नाहीं, म्हणून त्यांचीं घरें मुकीं झालीं होतीं. जेसुइटांच्या पत्रांतूनच असें कळतें कीं सन १५५९ च्या सुमारास एका ब्राह्मणाच्या घरांतून त्याच्या संमतीवांचून मराठी ग्रंथ आणविले गेले, व पाद्र्यांनीं त्यांचीं भाषांतरें करवून घेतलीं. हें योग्य होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण पाद्र्यांस ओवीची ओळख कोणत्या वाटांनीं झाली, त्यांपैकीं ही एक वाट होती, हें लपविण्यांतही अर्थ नाहीं. स्टीफन्स गोव्यास उतरले त्याच्या सहा वर्षें आधीं, सन १५७३ मध्यें, पैठणच्या एकनाथांनीं आपलें भागवत पुरें केलें होतें. एकाच काळांत दोघे ओवी लिहीत होते, एक गोदेच्या तीरचा व एक इंग्लंडाहून आलेला. साष्टीच्या पाद्र्याची ओवी वाचली म्हणजे तो कोणाच्या पंक्तीस बसून शिकला हें सांगावें लागत नाहीं.

प्रश्नोत्तरांचें पुस्तक कोंकणींत आहे, आणि मुलांस शिकविण्यासाठीं तें संवादरूपानें रचलें आहे, असें त्याच्या पहिल्या पानावरच म्हटलें आहे. त्यांचें व्याकरण सन १६४० मध्यें रायतूरलाच छापलें. दुसऱ्या पाद्र्यांनीं त्यांत भर घातली होती. या देशाच्या भाषांपैकीं छापून निघालेलें पहिलें व्याकरण म्हणून तें गणलें जातें. शिक्षक या नात्यानें स्टीफन्स कसे होते, हें कोणा विद्यार्थ्याच्या आठवणींतून कळण्याजोगें नाहीं. पण हीं पुस्तकें पाहिलीं म्हणजे त्यांची पद्धत समजते. शिकविणाऱ्यानें आधीं शिकणाऱ्याची भाषा शिकली पाहिजे. क्रिस्तपुराणाच्या प्रस्तावनेंतही ते म्हणतात कीं ग्रंथासाठीं मराठी भाषा निवडली, पण शुद्ध मराठी येथील पुष्कळांस कळत नाहीं, म्हणून लोकांच्या बोलींतील सोपे शब्द मधून मधून मिसळले. स्वतःच्या विद्वत्तेपेक्षां ऐकणाऱ्याची सोय पाहणाऱ्याचें हें बोलणें आहे.

फादर स्टीफन्स सन १६१९ मध्यें गोव्यांत वारले. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या सन १६४९ व १६५४ मध्यें निघाल्या. परंतु सन १६८४ च्या जूनच्या २७ तारखेस पोर्तुगीज व्हाइसरॉयनें गोव्यांतील लोकांनीं आपली देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला, आणि देशी भाषेंतील ख्रिस्ती पुस्तकांचे वाईट दिवस आले. तीन वेळां छापलेल्या या ग्रंथाची एकही छापील प्रत आज सांपडत नाहीं. मग ग्रंथ वांचला कसा? गोव्याहून कानड्यांत, मंगळूरच्या बाजूस, गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो हातानें उतरून घेतला होता. चातुर्मासांत पोथी लावावी तसा तो त्यांच्या घरीं व मंदिरांत वाचला जाई. त्या नक्कल करणाऱ्यांपैकीं बहुतेकांचीं नांवेंही आपणांस ठाऊक नाहींत. अशा हस्तलिखितांवरून जे. एल. सल्डान्हा यांनीं सन १९०७ मध्यें मंगळूर येथें ग्रंथ पुनः छापला, तोही रोमन अक्षरांतच. त्यांनीं मोजलेल्या ओव्या १०,९६२.

पुढील शोध अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांचा आहे. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांचीं चरित्रें इंग्रजींत आणणारे हेच ते. लंडनच्या पौर्वात्य विद्यालयांत विल्यम मार्सडेन यांनीं जमविलेल्या जुन्या हस्तलिखितांत क्रिस्तपुराण देवनागरी लिपींत आहे, हें त्यांनीं ओळखलें, आणि सन १९२३ मध्यें त्याविषयीं लेख लिहिला. जेसुइटाचें पहिलें पत्र प्रॉटेस्टंट पाळकानें छापावें आणि त्याच्या ग्रंथाची देवनागरी प्रत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यानें ओळखावी, हा योग आम्हांस तरी गोड वाटतो. अॅबट यांनीं या प्रतीस मूळ प्रत मानलें. सर्व अभ्यासकांस तें मान्य नाहीं. रोमन प्रतींत धर्मविषयक पुष्कळ शब्द पोर्तुगीज आहेत, तर मार्सडेन प्रतींत त्या जागीं संस्कृत शब्द येतात. स्टीफन्स यांनीं आधीं संस्कृत शब्द घालून लिहिलें आणि परवानगी देणाऱ्या वरिष्ठांसाठीं ते बदलले, असें कांहींचें मत; मागाहून कोणी जाणत्यानें पोर्तुगीज शब्द काढून संस्कृत घातले, असें दुसऱ्यांचें. आमचा कल पहिल्या मताकडे थोडा झुकतो, कारण लोकांच्या लिपीसाठीं रोमास पत्र लिहिणारा मनुष्य लोकांच्या शब्दांविषयीं उदासीन असेल असें वाटत नाहीं. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

देवनागरींत छापलेलें क्रिस्तपुराण शांताराम बंडेलू यांनीं सन १९५६ मध्यें पुण्यास काढलें, म्हणजे रायतूरच्या पहिल्या आवृत्तीनंतर ३४० वर्षांनीं. त्यांनीं मंगळूरच्या रोमन पाठाचें लिप्यंतर केलें होतें. मार्सडेन प्रतीचा पाठ फादर नेल्सन फलकाव यांनीं सन २००९ मध्यें प्रसिद्ध केला. दोन्ही पुस्तकें कोणा शिक्षकाच्या किंवा ग्रंथालयाच्या द्वारें मिळालीं, तर एकच अवस्वरु म्हणजे अध्याय घेऊन, एकानें एक व दुसऱ्यानें दुसरें असें मोठ्यानें वाचावें, आणि जेथें शब्द बदलतो तेथें पेन्सिलीनें खूण करावी.